जुनाट कंबरदुखी: आधी दुखण्याची वही, मग व्यायाम

सासूबाई अडुसष्टच्या, सून छत्तिशीतली. दोघींचीही कंबर दुखते. मोबाइलवर आलेला एकच व्हिडिओ बघून दोघी रोज सकाळी भुजंगासन करायला लागतात. पंधरवड्यात सुनेला बरं वाटतं. सासूबाईंच्या पोटऱ्या मात्र आता कोपऱ्यावरून दूध आणतानाही भरून येतात. भुजंगासनात दोष काही नाही. ते एकीच्या दुखण्याला मानवलं, दुसरीच्या नाही, इतकंच. फिजिओथेरपीच्या कामात असे जोड नेहमी दिसतात, आणि दर वेळी तेच सांगावं लागतं: व्यायाम शोधण्याआधी आपलं दुखणं ओळखा.

हा लेख तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यासाठी आहे. परवा बादली उचलताना उसण भरली असेल, तर त्यातली बहुतेक दुखणी काही आठवड्यांत आपोआप उतरतात. (पायाळू माणसाची लाथ खाऊन बरं वाटण्यामागचं रहस्यही हेच. लाथ मारली नसती तरी उसण जाणारच होती.) तीन महिन्यांनंतरही जे दुखणं मुक्काम ठोकून बसतं, त्याला वेगळा हिशोब लागतो.

जागतिक अंदाजानुसार २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यातल्या जवळपास ९० टक्के दुखण्यांमागे बोट ठेवून दाखवता येईल असं एकच कारण सापडत नाही. याचा अर्थ दुखणं खोटं असतं असा मुळीच नाही. स्नायू, सांधे, चकत्या (मणक्यांमधल्या मऊ गाद्या), झोप, कामाची पद्धत, भीती आणि मेंदूची वाढलेली सावधगिरी, हे सगळं मिळून ते दुखत असतं, आणि प्रत्येकाच्या बाबतीत ह्यांचं प्रमाण वेगळं असतं.

आधी धोक्याच्या खुणा तपासा

पुढचं काहीही करण्याआधी हे वाचा. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, सायकलच्या सीटवर टेकतो त्या भागात बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद एकदम कमी होणं: यातलं एकही नव्याने सुरू झालं असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. इथे काही तासांचाही फरक पडतो.

पाऊल उचलताना चवडा खाली लोंबकळत असेल, पडल्या-आपटल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, पूर्वी कॅन्सर झाला असेल किंवा बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर व्यायामाआधी डॉक्टर. आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही: मणक्याचा क्षयरोग. संध्याकाळचा बारीक ताप, उतरत जाणारं वजन, आणि मणक्यावर एकाच जागी दाबल्यावर होणारी कळ, असं असेल तर तेल-मालिश करत महिने घालवू नका.

चाळिशी-पंचेचाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेलं दुखणं, पहाटे जाग आणणारं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडून ठेवणारं आणि विश्रांतीने वाढून हालचालीने उतरणारं असेल, तर तो संधिवाताचा एक प्रकार असू शकतो. त्याचे तज्ज्ञ वेगळे, औषधंही वेगळी. अशा तरुण मुलांना वर्षानुवर्षं ‘गादी बदल’ एवढंच सांगितलं जातं, हे मला फार खुपतं.

दोन आठवड्यांची वही

आता मुख्य काम. एक साधी वही घ्या. रोज तीनदा, म्हणजे उठल्यावर, दुपारी आणि झोपताना, दुखणं शून्य ते दहात किती ते लिहा. त्याशेजारी कुठे दुखतंय आणि त्याआधीचा तास कशात गेला. बस्स. सुनेच्या वहीतलं एक पान असं असेल:

‘सोमवार. उठल्यावर ५, कंबरेच्या मधोमध, बेसिनवर वाकताना कळ. ऑफिसात अकरा ते एक सलग मीटिंग, उठताना ७, उजव्या कुल्ल्यापर्यंत. जेवून दहा मिनिटं चालले, ४. रात्री स्कूटरवरून घरी, ६. काल झोप पाच तास.’

आणि सासूबाईंचं:

‘उठल्यावर १. देवपूजा खाली बसून, काही नाही. भाजीला गेले, चौकापर्यंत दोन्ही पाय जड, पारावर बसले, दोन मिनिटांत मोकळे. परत येताना पुन्हा तेच. ओट्याशी उभं राहून पोळ्या, ६.’

ही दोन पानं शेजारी ठेवली की एमआरआय न बघताही बरंच काही कळतं. म्हणूनच मी वहीचा आग्रह धरते. ‘सतत दुखतं, सगळीकडे दुखतं’ असं सांगणाऱ्या माणसाच्या वहीतसुद्धा दोन आठवड्यांत चढ-उतार दिसायला लागतात. दुखणं चार वाजता ७ आणि पाच वाजता ४ असेल, तर त्या तासात काय झालं, तिथेच उपचाराचा धागा असतो.

झोपेचे तास लिहायला विसरू नका. अपुऱ्या झोपेनंतर त्याच हालचालीचं दुखणं जास्त जाणवतं. घरात आजारपण, परीक्षा, पैशाची ओढाताण असेल तर तेही एका शब्दात नोंदवा.

वहीतून काय वाचायचं

बसल्यावर, वाकल्यावर, खोकल्यावर वाढतं आणि चालल्यावर किंवा पालथं झोपल्यावर उतरतं, असं चित्र असेल तर तुमच्या कंबरेला वाकणं सोसत नाही. चकतीशी संबंधित बरीचशी दुखणी अशी असतात. या गटाने सकाळी उठल्या उठल्या पश्चिमोत्तानासन करणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण. रात्रभर आडवं राहिल्यावर चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या तासात वाकण्याचा ताण जास्त पडतो. अंगण झाडणं, अंथरुणाच्या घड्या, बादलीतले कपडे पिळणं तासाभराने करा. नुसता एवढा बदल करूनही काहींना आठवडाभरात फरक जाणवतो.

उभं राहिल्यावर, चालल्यावर पाय जड होतात, मुंग्या येतात आणि बसल्यावर किंवा पुढे झुकल्यावर मोकळं वाटतं, हे चित्र साठीनंतर जास्त दिसतं. मज्जारज्जूचा मार्ग अरुंद झाल्यावर असं होतं. अशा माणसाला सायकल चालवताना त्रास नसतो, पण चौकापर्यंत चालवत नाही. चढ बरा वाटतो, उतार नको वाटतो. त्यांना पवनमुक्तासन मानवतं, भुजंगासन नाही. एक खबरदारी: नुसतं उभं राहूनच पोटरीचं दुखणं थांबत असेल, बसावं-वाकावं लागत नसेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्या, विशेषतः मधुमेह किंवा तंबाखू असेल तर.

तिसरं चित्र: कुठल्याही एका स्थितीत फार वेळ राहिलं की दुखतं, बदललं की बरं. इथे दोष स्थितीचा नसून वेळेचा आहे.

चौथं जरा नाजूक. दुखणं हालचालीशी जुळतच नाही, मात्र झोप, काळजी, घरातले वाद यांच्याशी बरोबर जुळतं. ‘म्हणजे मनाचे खेळ का?’ असं कुणी विचारलं की लोक दुखावतात, आणि त्यात चूक काही नाही. दुखणं खरंच असतं, फक्त मेंदूने सावधगिरीची पातळी चढवून ठेवलेली असते आणि साध्या हालचालीलाही तो कळ पाठवतो. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाने नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली केली आहे. त्यात ‘माझ्यासारख्याने हालचाल करणं सुरक्षित नाही’, ‘हे कधीच बरं होणार नाही’ अशा विचारांचीही चौकशी असते. उत्तरांवरून रुग्णांचे तीन गट करून प्रत्येक गटाला वेगळा उपचार दिला, तर तो नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरतो, असं २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत दिसलं. ज्यांना भीती जास्त, त्यांना समुपदेशनाची जोड लागते. ती मागताना संकोच करू नका.

अनेकांच्या वहीत दोन चित्रं मिसळलेली असतात. जे जास्त वेळा दिसतं तिथून सुरुवात करा.

रिपोर्टला किती मान द्यायचा

‘मणक्यात गॅप आहे’, ‘चकती सरकलीय’, ‘झीज झालीय’ या शब्दांनी माणसं वर्षानुवर्षं घाबरून वाकणंच सोडून देतात. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या एमआरआयचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत चकत्यांची झीज दिसली. पन्नाशीतल्या ६० टक्क्यांच्या चकत्या बाहेर फुगलेल्या होत्या. हे सगळे न दुखणारे लोक! केस पांढरे होतात तसंच हे आहे. रिपोर्टमधल्या ओळी वहीशी जुळत असतील तरच त्यांना महत्त्व. डाव्या बाजूची नस दबलेली दिसते आणि कळ उजव्या पायात असेल, तर त्या ओळीचा तुमच्या दुखण्याशी संबंध नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक समज घर करून आहे: ‘सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर गेली.’ सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते, पण पाठीतल्या भुलीमुळे जुनाट कंबरदुखी होते असं संशोधनात आढळलेलं नाही. बाळंतपणात सैल झालेले पोटाचे स्नायू, बाळाला कडेवर घेऊन वाकणं आणि मोडलेली झोप यांच्याकडे बघा. त्यावर उपाय तरी करता येतो.

तीन कामं निवडा

‘दुखणं शून्य व्हावं’ हे ध्येय ठेवलंत तर रोज हरल्यासारखं वाटेल. त्यापेक्षा तुम्हाला मनापासून करायची असलेली, आज अडलेली तीन कामं लिहा आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्या. शून्य म्हणजे जमतच नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखं जमतं. ‘एसटीने गावी जाणं, ३. नातवाला उचलणं, २. पंगतीत मांडी घालून जेवणं, ५.’ दोन गुणांची वाढ ही खरी सुधारणा धरायची. व्यायाम, गोळ्या, खुर्ची, सगळ्यांचा हिशोब याच तीन कामांवर करायचा.

मात्रा ठरवणं

इथे बहुतेकांचं घोडं पेंड खातं. बऱ्या दिवशी घरातली सगळी साफसफाई उरकायची, मग तीन दिवस अंथरुणात, असं चक्र चालू राहतं. त्यातून बाहेर यायला सोपी युक्ती आहे. चालण्याचं उदाहरण घेऊ. चार-पाच दिवस दुखणं वाढेपर्यंत किती मिनिटं चालता येतं ते मोजा. सरासरी पंधरा आली तर सुरुवात बारापासून करा. बऱ्या दिवशीही बाराच, वाईट दिवशीही बाराच. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा.

व्यायामात थोडं दुखलं तर थांबायचं का? दहापैकी चारपर्यंत दुखणं चालेल, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर मात्रा निम्मी करा. व्यायाम सोडू नका.

व्यायाम, आपापल्या चित्राप्रमाणे

वाकणं न सोसणाऱ्यांनी आधी चटईवर दोन-तीन मिनिटं नुसतं पालथं पडावं. सोसलं तर कोपरांवर यावं, तेही सोसलं तर तळहातांवर जोर देऊन छाती उचलावी, कंबर सैल सोडून, सावकाश दहा वेळा. लक्ष दुखण्याच्या जागेवर ठेवा. पोटरीतली कळ वर सरकून कुल्ल्यात, मग कंबरेत आली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ती चांगली खूण. कळ खाली, पावलाकडे सरकली तर लगेच थांबा. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या हे १९५६ साली योगायोगाने लक्षात आलं. त्यांचा एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर तसाच पालथा पडून राहिला आणि त्याच्या पायातली कळ गेली. त्यांची पद्धत पुढे यातूनच उभी राहिली.

पुढे झुकल्यावर मोकळं वाटणाऱ्यांनी उताणं झोपून एकेक गुडघा, मग दोन्ही गुडघे छातीशी घ्यावेत. घरात स्थिर सायकल असेल तर उत्तम. चालताना पाय जड होण्याची वाट न बघता त्याआधीच बसा, आणि मग पुन्हा चाला. ओट्याशी उभं राहताना एक पाय खालच्या छोट्या पाटावर ठेवा आणि दर काही पोळ्यांनी बदला.

ताकद मात्र सर्वांनाच लागते. कॅनडातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी कंबरेवर कमी भार टाकून धड बळकट करणारे तीन व्यायाम लोकप्रिय केले. त्यातला एक नीट सांगते. रांगण्याच्या स्थितीत या: हात खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली. कंबरेच्या सपाट भागावर थोडं पाणी घातलेली वाटी ठेवा. आता उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करा. पाय खुब्याच्या उंचीवर नेऊ नका, दोन बोटं खालीच राहू द्या. पाणी सांडलं तर कंबर वळली. आठ-दहा सेकंद थांबा, श्वास चालू ठेवा, मग बाजू बदला. प्रत्येक बाजूला आधी सहा वेळा, थोडं थांबून चार, मग दोन. गुडघे टेकवत नसतील तर हेच ओट्याला हात धरून उभ्याने करा, वाटीशिवाय.

एका स्थितीत फार वेळ न सोसणाऱ्यांना व्यायामापेक्षा मोबाइलचा गजर जास्त उपयोगी: दर अर्ध्या तासाला उठा, हात कंबरेवर ठेवून चार-पाच वेळा मागे झुका, पाणी पिऊन या. आदर्श बसण्याची पद्धत नावाची गोष्ट नाही. बदलत राहणं हीच पद्धत.

चालणं जवळपास सगळ्यांना लागू पडतं. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेली एक चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या लोकांना हळूहळू वाढवत चालायला लावलं आणि थोडं मार्गदर्शन दिलं. त्यांचं दुखणं उलटायला मध्यक २०८ दिवस लागले, म्हणजे निम्म्यांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचं ११२ दिवसांत उलटलं.

काम बदलता येत नसेल तेव्हा

‘वजन उचलू नका, वाकू नका’ हा सल्ला ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला किंवा भातलावणीत चिखलात उभ्या असलेल्या माणसाला देणं म्हणजे त्यांची चेष्टा आहे. त्यांच्यासाठी मात्रा आणि ताकद या दोनच गोष्टी हातात असतात. लावणीत ओळ संपली की सरळ उभं राहून मागे झुकायचं, आणि रोपं वाहण्याचं काम मधेमधे आपल्याकडे घ्यायचं. एक भरलेला हंडा कमरेवर घेण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या कळश्या, फेऱ्या वाढल्या तरी चालतील. ओझं शरीराशी जेवढं लागून, तेवढी कंबर सुखी. आणि हंगामाच्या दोन महिने आधीपासून पाण्याची कळशी खुब्यातून वाकून उचलण्याचा सराव, आधी अर्धी, मग पूर्ण. ओझं उचलण्याची ताकद ओझं उचलूनच येते.

शहरात खड्ड्यांतून दुचाकी चालवणाऱ्यांनी वेग कमी ठेवावा आणि लांबच्या प्रवासात दर पाऊण तासाने उतरावं. झाडण्या-पुसण्याला लांब दांडा लावा. दुखणं चढलेलं असेल तेव्हा भारतीय संडासाऐवजी कमोड किंवा खुर्ची वापरा. उतरलं की पुन्हा खाली बसायला लागा, ती क्षमता कायमची घालवू नका. गादीबद्दल थोडक्यात: स्पेनमधल्या २००३ सालच्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी सरस ठरली. फळीवर झोपायची गरज नाही.

दुखणं उलटलं तर

ते उलटणार, हे गृहीत धरून बऱ्या दिवशीच कागदावर लिहून ठेवा. पहिला दिवस: शेक, जमिनीवर उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर, दर तासाला घरातल्या घरात दोन फेऱ्या. दुसऱ्या दिवशी चालण्याची निम्मी मात्रा. तीन-चार दिवसांत पाऊण, आठवड्यात पूर्ण. दोन दिवसांहून जास्त अंथरूण धरू नका, स्नायू झपाट्याने ढिले पडतात. धोक्याच्या खुणा मात्र दर वेळी नव्याने तपासा.

गोळ्या, पट्टा, ट्रॅक्शन

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. माहिती, व्यायाम, काही प्रमाणात मालिश, मानसोपचार आणि सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या यांना त्यात जागा आहे. कंबरेचा पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) आणि अफूवर्गीय गोळ्या नेहमीच्या उपचारात देऊ नयेत, असं त्यात आहे. पट्टा घेतलाच असेल तर फार तर प्रवासापुरता वापरा.

मेडिकलच्या काउंटरवरून स्वतःच्या मनाने डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेत राहणं मात्र बंद करा. रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास, पोटातला अल्सर किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डायक्लोफेनॅक जिवावर बेतू शकतं. पायात कळ असली की प्रीगॅबालिन हे नसांच्या दुखण्याचं औषध सर्रास दिलं जातं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सायटिकाच्या (कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या) रुग्णांना त्याचा औषध नसलेल्या नुसत्या नाटकी गोळीपेक्षा जास्त फायदा झाला नाही, चक्कर मात्र जास्त आली. तरीही चालू असलेली गोळी एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

सहा आठवड्यांनी

तीन कामांचे गुण पुन्हा लिहा. दोन-दोन गुण वाढले असतील तर मात्रा वाढवत चला. एखादंच काम अडलं असेल तर त्या कामाचाच सराव लावा. नातवाला उचलायचं असेल तर आधी पाच किलो पिठाची पिशवी. काहीच हललं नसेल तर वही घेऊन फिजिओथेरपिस्ट किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा आणि सरळ विचारा: ‘माझं चित्र तुम्हाला कोणतं वाटतं? आपण सुधारणा कशावरून मोजणार? किती आठवड्यांनी उपचार बदलणार?’ उत्तरादाखल नुसतं बारा दिवसांच्या मशिनच्या शेकाचं पॅकेज पुढे आलं, तर दुसरं मत घ्या.

ऑपरेशनचा विषय निघाला तर ते पायातल्या कळेसाठी सुचवलंय की कंबरेच्या दुखण्यासाठी, हे आधी विचारा. चकतीच्या ऑपरेशनने पायातली कळ लवकर थांबते. कंबरेच्या दुखण्याची तशी खात्री नसते. नेदरलँड्समध्ये २८३ सायटिका रुग्णांवर केलेल्या चाचणीत लवकर ऑपरेशन झालेल्यांना आधी थांबून बघणाऱ्यांपेक्षा आराम लवकर पडला, पण वर्षाअखेरीस दोन्ही गट सारखेच होते. त्यामुळे पायातली ताकद टिकून असेल तर थांबायला हरकत नसते, आणि ती कमी होत असेल तर थांबू नये.